‘टू मेनी ओपन फाइल्स’ एरर आली तर: नवीन लोकांसाठी ओपन फाइल लिमिट

सर्व्हर सांभाळायला घेतलेल्या प्रत्येकाला ही एरर कधी ना कधी भेटतेच. ॲप नीट चालू असतं, मेमरी मोकळी असते, डिस्क अर्धी रिकामी असते, आणि लॉगमध्ये अचानक ‘टू मेनी ओपन फाइल्स’च्या ओळींवर ओळी यायला लागतात. मग आपण सर्च मारतो, पहिल्याच उत्तरात कोणीतरी सांगितलेलं असतं की लिमिट्स.कॉन्फ (युजरची लिमिटं जिथे लिहितात ती फाइल) उघडा, दोन ओळी टाका, आकडा ६५५३६ करा, झालं काम. ते करूनही बऱ्याचदा काहीच बदलत नाही. किंवा एरर जाते आणि काही दिवसांनी परत येते, कारण खरं दुखणं दुसरीकडेच होतं.

मला या लेखात एकच गोष्ट नीट पोचवायची आहे. लिमिट कुठल्या कॉन्फिग फाइलमध्ये काय लिहिलंय याला फारसा अर्थ नाही, जो प्रोसेस आत्ता चालू आहे त्याला कुठलं लिमिट लागलंय तेवढंच खरं. म्हणून कायम आधी प्रोसेसला विचारायचं आणि मग आकडे बदलायचे. बाकी सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

उदाहरणं उबंटू, डेबियन, फेडोरा अशा सिस्टमडीवाल्या लिनक्सची घेतलीत (सिस्टमडी म्हणजे बूटवेळी सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम), मॅक आणि बीएसडीचं शेवटी थोडक्यात आहे. कमांड आणि फाइलची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरात टाकायची, आणि जिथे कॅपिटल-स्मॉलचा फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

आधी ‘ओपन फाइल’ म्हणजे काय ते

प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, म्हणतो ही फाइल उघडून दे, कर्नल उघडतो आणि त्याला एक नंबर देतो. हा नंबर म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, सगळे एफडी म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो तसंच आहे हे, पुढचं सगळं काम बिल्ल्याच्या नंबरावर चालतं आणि काम झालं की बिल्ला परत करायचा असतो. परत केला की तो नंबर मोकळा होतो, आणि कर्नल पुढच्या वेळी सगळ्यात लहान मोकळा नंबर देतो. ०, १ आणि २ हे नंबर सहसा सुरुवातीलाच गेलेले असतात: इनपुट, आउटपुट आणि एरर. म्हणून तुमच्या प्रोग्रॅमने उघडलेली पहिली फाइल बहुतेक वेळा ३ नंबरची असते.

नवीन माणसाचा गोंधळ इथे होतो की ‘फाइल’ म्हटल्यावर डोळ्यासमोर डिस्कवरची फाइल येते. युनिक्समध्ये नेटवर्क कनेक्शनचा सॉकेट, दोन प्रोसेसमधला पाइप, टर्मिनल, ईपोल (अनेक एफडीवर एकदम लक्ष ठेवायची लिनक्सची सोय), टायमर, या सगळ्याला एफडी लागतो आणि सगळे त्याच लिमिटमध्ये मोजले जातात. वेब सर्व्हरवर तर खऱ्या फाइल्स मोजक्या असतात, ९० टक्के गर्दी सॉकेटचीच असते असं बरेचदा दिसतं. त्यामुळे ‘माझं ॲप तर चारच फाइल वाचतं, मग टू मेनी कशा’ हा प्रश्न पडला तर उत्तर बहुतेक वेळा कनेक्शनमध्ये सापडतं.

दुसरी गोष्ट, आणि ही खरंच महत्त्वाची आहे: हे लिमिट प्रत्येक प्रोसेसचं वेगळं असतं. युजरचं एकत्र नाही. लिमिट्स.कॉन्फमध्ये युजरचं नाव लिहावं लागतं म्हणून लोकांना वाटतं की त्या युजरच्या सगळ्या प्रोसेसना मिळून ६५५३६. तसं नाहीये, त्या युजरच्या प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र ६५५३६ मिळतात. थ्रेडचं मात्र उलट, एका प्रोसेसमधले सगळे थ्रेड एकच टेबल वापरतात, त्यामुळे २०० थ्रेड असले तरी लिमिट एकच.

सॉफ्ट, हार्ड आणि त्यांच्या वरचे दोन

प्रत्येक प्रोसेसला दोन आकडे चिकटलेले असतात. सॉफ्ट लिमिट म्हणजे आत्ता लागू असलेलं, त्याला धडकलात की एरर. हार्ड लिमिट म्हणजे सॉफ्ट कुठपर्यंत वाढवता येईल त्याची कमाल. साधा युजर स्वतःचं सॉफ्ट हार्डपर्यंत केव्हाही वाढवू शकतो, रूट लागत नाही. हार्ड तो कमी करू शकतो पण एकदा कमी केलं की परत वर नेता येत नाही, त्याला रूटचा अधिकार लागतो. आणि दोन्ही आकडे आईबापाकडून मुलाकडे जातात, म्हणजे शेलचं जे लिमिट तेच शेलमधून चालू केलेल्या प्रोग्रॅमचं.

याच्या वर कर्नलचे दोन आकडे आहेत. एफएस.एनआर_ओपन म्हणजे कुठल्याही एका प्रोसेसचं हार्ड लिमिट जास्तीत जास्त किती ठेवता येईल, कर्नलमध्ये याचा डिफॉल्ट १०४८५७६ आहे. आणि एफएस.फाइल-मॅक्स म्हणजे अख्ख्या मशीनवर मिळून किती. आजच्या डिस्ट्रोवर फाइल-मॅक्सला धडकणं फार क्वचित होतं, कारण सिस्टमडी २४० व्हर्जनपासून (डिसेंबर २०१८) बूट होताना तो आकडा खूप मोठा करून ठेवतो. तरी जुन्या लेखांमध्ये पहिली पायरी फाइल-मॅक्स वाढवा अशीच दिलेली असते, ती बिनधास्त सोडा, जोपर्यंत खालच्या पहिल्या पायरीत तसं दिसत नाही तोपर्यंत.

सॉफ्ट डिफॉल्ट १०२४ आणि हार्ड ५२४२८८ असं जे जोडपं आज बहुतेक ठिकाणी दिसतं त्यामागे नीट विचार आहे, तो समजून घ्या म्हणजे आकडा अंदाधुंद वाढवणार नाही. सिलेक्ट नावाचा एक जुना सिस्टम कॉल आहे, १९८३ च्या ४.२ बीएसडीमधून आलेला, एकाच वेळी अनेक एफडीवर लक्ष ठेवायला. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) त्याचा जो सेट आहे त्यात १०२४ एफडींचीच जागा असते, म्हणजे ० ते १०२३. प्रोग्रॅमला ११०० नंबरचा एफडी मिळाला आणि त्याने तो सिलेक्टच्या सेटमध्ये टाकला तर तो शेजारच्या मेमरीत लिहितो, आणि मग क्रॅश होतो किंवा भलतंच वागतो. म्हणून सॉफ्ट १०२४ वर ठेवलंय, जुने प्रोग्रॅम सुरक्षित राहावेत म्हणून, आणि ज्या प्रोग्रॅमला पोल किंवा ईपोल वापरता येतं त्याने स्वतः उठून सॉफ्ट हार्डपर्यंत न्यावं अशी अपेक्षा आहे. जावाची जेव्हीएम लिनक्सवर हे आपणहून करते, गो भाषेतले प्रोग्रॅमही १.१९ पासून सहसा करतात. तेव्हा या दोघांच्या बाबतीत शेलमध्ये १०२४ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

(युनिक्सच्या सहाव्या एडिशनमध्ये, १९७५ साली, एका प्रोसेसला १५ फाइल्स मिळायच्या आणि १९७९ च्या सातव्यात २०. त्या काळी टेबलं फिक्स साइजची असायची आणि मशीनमध्ये मेमरीच किती होती. आजही प्रत्येक उघड्या फाइलमागे कर्नलची थोडी मेमरी जातेच, आणि एखादा बिघडलेला प्रोग्रॅम सगळं मशीन खाऊ नये म्हणून लिमिट हवंच.)

पायरी १: एरर नीट वाचा

लॉगमध्ये दोन वेगळे मेसेज असू शकतात आणि दिसायला ते जवळजवळ सारखेच आहेत. नुसतं ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असेल, किंवा ईएमफाइल, किंवा एरर नंबर २४, तर प्रोसेसचं स्वतःचं लिमिट संपलं. ‘टू मेनी ओपन फाइल्स इन सिस्टम’ असेल, म्हणजे ईएनफाइल, नंबर २३, तर अख्ख्या मशीनचं संपलं. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आपल्या लॉगमध्ये कंसात तो नंबर छापतो, मायएसक्यूएलपण देतो, त्यामुळे २३ का २४ एवढं बघितलं तरी अर्धा वेळ वाचतो.

कधीकधी एरर वेष बदलून येते. एफडी संपले की डीएनएससाठी सॉकेट उघडता येत नाही, मग लॉगमध्ये होस्टचं नाव सापडलं नाही असं दिसतं. सर्टिफिकेटची फाइल उघडता येत नाही, मग टीएलएसची एरर. नवीन लायब्ररी लोड होत नाही. एकाच प्रोसेसमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा तीन-चार एरर एकाच वेळी सुरू झाल्या तर एफडी मोजून बघा.

पायरी २: प्रोसेसला विचारा

आधी पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, काढा. पीग्रेप आणि प्रोग्रॅमचं नाव, किंवा सर्व्हिस असेल तर सिस्टमसीटीएल स्टेटस आणि सर्व्हिसचं नाव, त्यात मेन पीआयडी लिहिलेला असतो. मास्टर आणि वर्कर असे वेगळे प्रोसेस असतील तर वर्करचा घ्या, काम तोच करतो.

समजा पीआयडी ४३२१ आहे. मग:

कॅट /प्रॉक/४३२१/लिमिट्स

/प्रॉक म्हणजे चालू प्रोसेसची माहिती कर्नल जिथे दाखवतो ती डिरेक्टरी. या फाइलमध्ये बऱ्याच ओळी येतात, त्यातली ‘मॅक्स ओपन फाइल्स’ची बघायची. पहिला आकडा सॉफ्ट, दुसरा हार्ड. प्रोसेसला खरोखर काय मिळालंय ते इथे दिसतं. तुम्ही कॉन्फिगमध्ये ६५५३६ टाकलंय आणि इथे १०२४ दिसतंय तर कॉन्फिग पोचलेलंच नाही, वाद संपला.

यूलिमिट -एन ही कमांड सगळेजण चालवतात, पण ती फक्त तुमच्या त्या शेलचं सॉफ्ट लिमिट सांगते. तुमच्या शेलचा आणि सकाळपासून चालू असलेल्या डेटाबेसचा काही संबंध नाही. फोरमवर मदत मागताना लोक यूलिमिटचं आउटपुट चिकटवतात आणि समोरचा त्यावरून सल्ला देतो, दोघंही भलत्याच प्रोसेसबद्दल बोलत असतात.

पायरी ३: किती उघड्या आहेत आणि कशा आहेत ते मोजा

सुडो एलएस /प्रॉक/४३२१/एफडी | डब्ल्यूसी -एल

हा आकडा आणि सॉफ्ट लिमिट शेजारी ठेवून बघा. ९८० आणि १०२४ असं असेल तर तुम्ही काठावर आहात. ६० आणि १०२४ असेल तर एकतर आत्ता गर्दी नाहीये किंवा चुकीचा प्रोसेस बघताय.

मोजायला एलएसओएफ वापरू नका असं मी मुद्दाम सांगतो. ती कमांड उत्तम आहे पण तिच्या यादीत प्रोग्रॅमची चालू डिरेक्टरी, त्याची स्वतःची फाइल, मेमरीत मॅप केलेल्या लायब्ररी, असं सगळं येतं ज्याला एफडी लागलेला नसतो. एलएसओएफ | डब्ल्यूसी -एल करून लाखात आकडा आला आणि माणूस हादरला असं खूप वेळा होतं. मोजायला /प्रॉक, तपशील बघायला एलएसओएफ.

आता त्याच डिरेक्टरीवर एलएस -एल करा. प्रत्येक नंबरापुढे बाण आणि तो कशाकडे जातो ते दिसेल. ‘सॉकेट’ आणि कंसात नंबर, ‘पाइप’ आणि कंसात नंबर, ‘अनॉन_आयनोड’, किंवा सरळ फाइलचा पाथ. ही यादी शांतपणे डोळ्याखालून घाला, इथेच निम्मं निदान होतं. एकाच लॉग फाइलचा पाथ ४०० वेळा आलाय? कोणीतरी लूपमध्ये फाइल उघडतंय आणि बंद करत नाहीये. पाथपुढे ‘डिलिटेड’ लिहिलंय? फाइल डिलीट केली पण प्रोसेसने अजून धरून ठेवलीय, आणि तोपर्यंत डिस्कवरची जागापण सुटत नाही. सगळे सॉकेटच आहेत? मग एसएस -टीएनपी स्टेट क्लोज-वेट चालवा, सुडोने. क्लोज-वेट म्हणजे समोरच्याने कनेक्शन बंद केलं, आपल्या प्रोग्रॅमने अजून केलं नाही. असे शेकड्याने साचले असतील तर दोष कोडचा आहे, ट्रॅफिकचा नाही.

पायरी ४: गळती आहे का खरी गर्दी, ते ठरवा

या पायरीवर वेळ घालवा. बाकीच्या पायऱ्या पाच मिनिटांच्या आहेत.

वॉच -एन ५ लावून वरची मोजायची कमांड चालू ठेवा, किंवा दर मिनिटाला आकडा एका फाइलमध्ये टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि दिवसभर राहू द्या. आकडा ट्रॅफिकबरोबर वर जातो आणि रात्री खाली येतो, तर ती खरी गर्दी, लिमिट वाढवणं बरोबर आहे. आकडा रात्रीसुद्धा खाली येत नाही, हळूहळू चढतच राहतो, रिस्टार्ट केला की शून्याच्या जवळ जातो आणि परत चढायला लागतो, तर ती गळती. गळतीला लिमिट १०२४ चं ६५५३६ केलं तर एरर जाणार नाही, फक्त उशिरा येईल, आणि उशिरा म्हणजे बहुतेक शनिवारी रात्री. तेव्हा रिस्टार्टच्या क्रॉन जॉबवर दिवस काढू नका, कोडवाल्यांना ही यादी आणि हा आलेख दाखवा, पुराव्यासकट गेलात की कोणीही ऐकतं.

कोडमध्ये शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. पायथनमध्ये विथ न वापरता ओपन केलेलं, जावामध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस नसलेले स्ट्रीम, गोमध्ये एचटीटीपी रिस्पॉन्सची बॉडी क्लोज न करणं, प्रत्येक रिक्वेस्टला नवीन एचटीटीपी क्लायंट किंवा नवीन डेटाबेस कनेक्शन बनवणं. आणि एरर आली की मधूनच रिटर्न होणाऱ्या वाटा, तिथे क्लोज करायचं राहून जातं, त्यामुळे एरवी सगळं ठीक आणि समोरची सर्व्हिस डाउन झाली की गळती सुरू, असा प्रकार दिसतो.

पायरी ५: आकडा किती ठेवायचा

हिशोब करा. एन्जिनएक्स प्रॉक्सी म्हणून चालत असेल तर एका युजरमागे दोन एफडी, एक युजरकडचा आणि एक मागच्या ॲपकडचा, वर लॉग आणि कॅशच्या फाइल्स. म्हणजे वर्कर_कनेक्शन्स (एका वर्करला एका वेळी किती कनेक्शनं घेता येतील ते सेटिंग) ४०९६ असेल, आणि यात दोन्ही बाजूंची कनेक्शनं धरलेली असतात, तर वर थोडी जागा सोडून ८१९२ पुरेसं होतं. डेटाबेस आणि सर्च इंजिनांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आकडा दिलेलाच असतो, मोंगोडीबी ६४००० सांगतं, इलॅस्टिकसर्च ६५५३५. तो घ्या, स्वतःचा वेगळा शोधू नका. साध्या वेब ॲपला पीक वेळच्या मोजणीच्या तीन-चार पट ठेवलं की झालं.

अनलिमिटेड मात्र टाकू नका. काही प्रोग्रॅम नवीन प्रोसेस सुरू करताना ३ पासून लिमिटपर्यंतचे सगळे एफडी एकेक करून बंद करतात, किंवा लिमिटच्या मापाने टेबल बनवतात. लिमिट एक अब्जाच्या घरात असेल तर ते बंद करण्यातच सीपीयू जळत राहतो. डॉकरच्या सर्व्हिसमध्ये हे लिमिट इन्फिनिटी असायचं तेव्हा कंटेनरमध्ये आरपीएमची पॅकेजं टाकताना कमालीचा वेळ लागायचा त्याचं कारण हेच. लिनक्स ५.९ मध्ये क्लोज_रेंज नावाचा कॉल आला, तो वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, पण सगळे तो वापरत नाहीत.

पायरी ६: वाढवा, पण योग्य दारातून

प्रोसेस कुठून सुरू झाला यावर सगळं अवलंबून आहे. लिमिट्स.कॉन्फ टाकूनही फरक पडत नाही या तक्रारीचं मूळ इथे आहे, आणि मला वाटतं नवीन माणसाचे सगळ्यात जास्त तास यातच जातात.

सर्व्हिस सिस्टमडीने सुरू केली असेल, म्हणजे सर्व्हरवर जवळजवळ सगळंच, तर लिमिट्स.कॉन्फ तिला लागूच होत नाही. ती फाइल पॅम (लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) वाचतं, आणि पॅम मधे येतं ते लॉगिन होताना. बूटवेळी सुरू होणारी सर्व्हिस कुठे लॉगिन करते. तिच्यासाठी असं करा:

सुडो सिस्टमसीटीएल एडिट मायॲप

एडिटर उघडेल, त्यात दोन ओळी. पहिली, चौकोनी कंसात सर्व्हिस, एस कॅपिटल. दुसरी, लिमिटनोफाइल=६५५३६, इथे एल कॅपिटल आणि नोफाइल अख्खं कॅपिटल, मधे स्पेस नाही. एकच आकडा दिला की सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही तोच, वेगळे हवे असतील तर मधे कोलन देऊन ८१९२:६५५३६ असं. प्रोग्रॅम जुना असेल आणि सिलेक्ट वापरत असेल अशी शंका असली तर सॉफ्ट १०२४ च राहू द्या. सेव्ह करा, मग सिस्टमसीटीएल रिस्टार्ट मायॲप. रिस्टार्ट लागतोच, रीलोडने प्रोसेस तोच राहतो आणि लिमिटही तेच राहतं. पॅकेजबरोबर आलेली मूळ सर्व्हिस फाइल थेट बदलू नका, पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जाईल, एडिटने केलेला वेगळ्या फाइलमध्ये राहतो.

एसएसएचने लॉगिन करून हाताने प्रोग्रॅम चालवत असाल तर मात्र लिमिट्स.कॉन्फ हेच बरोबर दार. /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी/ मध्ये स्वतःची फाइल बनवा, नावाच्या शेवटी .कॉन्फ हवं. ओळीत चार भाग असतात: युजर, सॉफ्ट किंवा हार्ड, नोफाइल, आकडा. दोन ओळी लिहा, एक सॉफ्टची एक हार्डची. युजरच्या जागी * टाकलं तर सगळ्यांना लागतं पण रूटला लागत नाही, रूटसाठी रूट असं नाव घालूनच वेगळी ओळ द्यावी लागते. लिमिट्स.डी मधल्या फाइल्स मूळ लिमिट्स.कॉन्फच्या नंतर वाचल्या जातात, म्हणून दोन्हीकडे एकाच युजरच्या नावाने वेगळे आकडे असतील तर सहसा डीमधला जिंकतो.

इथे एक खरा धोका आहे. आकडा एनआर_ओपनपेक्षा मोठा दिला तर लॉगिन होताना लिमिट लावणं फेल होतं आणि तुम्हाला लॉगिनच करता येत नाही असं होऊ शकतं, सुडोसकट. लांबच्या सर्व्हरवर हे झालं तर फार महागात पडतं. म्हणून चालू सेशन उघडं ठेवा, रूट होऊन बसा, दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा, ते नीट झालं की मगच पहिलं बंद करा.

बदल नवीन लॉगिनलाच दिसतो. टीमक्स (लॉगआउट केल्यावरही शेल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी जास्त लक्ष द्या, लॉगआउट करून परत आलात आणि जुन्या टीमक्सला जोडलं तर तिथले शेल टीमक्सच्या जुन्या सर्व्हर प्रोसेसची मुलं असतात, लिमिट जुनंच. एसएसएचवर चालणाऱ्या एडिटरच्या रिमोट सर्व्हरचंही तसंच, तो पूर्ण बंद करून परत सुरू करावा लागतो.

फक्त आत्ताच्या शेलपुरतं हवं असेल तर यूलिमिट -एसएन ४०९६, एस कॅपिटल आणि एन स्मॉल. बॅशमध्ये एस न लावता नुसतं यूलिमिट -एन ४०९६ केलं तर सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही ४०९६ होतात, आणि मग त्या शेलमध्ये परत वर जाता येत नाही. झेडएसएचमध्ये नुसत्या -एननेही फक्त सॉफ्ट बदलतं. आणि सुडो यूलिमिट असं काही चालत नाही, कारण यूलिमिट ही शेलच्या आतली कमांड आहे, वेगळा प्रोग्रॅम नाही.

प्रोसेस रिस्टार्ट करणं शक्यच नसेल, भर दुपारी पेमेंट चालू आहेत आणि एरर यायला लागलीय, तर पीआरलिमिट आहे:

सुडो पीआरलिमिट --पीआयडी ४३२१ --नोफाइल=८१९२:१६३८४

चालू प्रोसेसचं लिमिट जागच्या जागी बदलतं. अडचणीच्या वेळी ही कमांड माहीत असणं फार मोलाचं आहे. पण हे त्या प्रोसेसपुरतंच, रिस्टार्ट झाला की जुनं परत, म्हणून संध्याकाळी वरचा सिस्टमडीचा बदलही करून ठेवा. काही प्रोग्रॅम सुरू होतानाच लिमिट वाचून आपला हिशोब ठरवतात, त्यांना मधेच वाढवल्याचा फायदा होत नाही.

पायरी ७: प्रोग्रॅमचं स्वतःचं कॉन्फिगही बघा

ऑपरेटिंग सिस्टमने परवानगी दिली तरी प्रोग्रॅमची स्वतःची मर्यादा असू शकते. एन्जिनएक्समध्ये वर्कर_आरलिमिट_नोफाइल आहे, मास्टर रूट म्हणून चालत असल्याने तो वर्करना हे लिमिट स्वतः लावू शकतो. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीमध्ये ओपन_फाइल्स_लिमिट. पोस्टग्रेसमध्ये मॅक्स_फाइल्स_पर_प्रोसेस, डिफॉल्ट १०००, आणि पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळा प्रोसेस काढतो म्हणून तिथे अख्ख्या मशीनचा आकडा जास्त महत्त्वाचा ठरू शकतो.

हे सगळं झाल्यावर परत पायरी २. नवीन पीआयडी काढा, /प्रॉकमधली लिमिट्स वाचा. तिथे नवा आकडा दिसल्याशिवाय टिकिट बंद करू नका.

स्वतः करून बघायचं असेल तर

वाचून हे अर्धंच डोक्यात राहतं, एकदा हाताने करा, लिनक्स असलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर चालतं. टर्मिनलमध्ये बॅश टाइप करून नवीन शेल सुरू करा म्हणजे तुमचा मूळ शेल सुरक्षित राहील. तिथे यूलिमिट -एन २०. मग पायथन३ उघडा आणि एका लिस्टमध्ये /डेव्ह/नल शंभर वेळा ओपन करा. १७ च्या आसपास उघडल्यावर एरर नंबर २४ येईल, कारण लिमिट २० म्हणजे ० ते १९ नंबर, त्यातले तीन आधीच गेलेले. पायथन बंद न करता दुसऱ्या टर्मिनलमधून त्याच्या /प्रॉक/…/एफडी मध्ये डोकावा, मग पीआरलिमिटने वाढवून परत ओपन करून बघा. या दहा मिनिटांत वरची सगळी पानं जाग्यावर बसतात.

कंटेनर

डॉकरच्या आतल्या प्रोसेसला होस्टचं लिमिट्स.कॉन्फ लागत नाही, त्याचं लिमिट कंटेनर रनटाइमकडून येतं. डॉकर रन करताना --यूलिमिट नोफाइल=८१९२:६५५३६ द्या, कंपोझमध्ये यूलिमिट्सखाली नोफाइल आणि त्याखाली सॉफ्ट, हार्ड. कुबरनेटीसच्या पॉडच्या यामलमध्ये यासाठी फील्डच नाहीये, तिथे नोडवरच्या कंटेनर रनटाइमच्या सेटिंगमध्ये बदलावं लागतं किंवा ॲपने सुरू होताना स्वतःचं सॉफ्ट वाढवावं. तपासायची पद्धत तीच, कंटेनरच्या आत जाऊन कॅट /प्रॉक/१/लिमिट्स.

एरर तीच पण लिमिट वेगळं

एक प्रकार असा आहे की एफडी मोजले तर ५०, लिमिट ६५५३६, आणि तरी ‘टू मेनी ओपन फाइल्स’. हा बहुतेक वेळा आयनोटिफाय असतो, फाइल बदलली की कळवणारी कर्नलची सोय. एडिटर, टेल -एफ, नोडचे डेव्ह सर्व्हर, हे सगळे ती वापरतात. एका युजरला किती आयनोटिफाय इन्स्टन्स मिळतील याचं वेगळं लिमिट आहे, एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूजर_इन्स्टन्सेस, डिफॉल्ट १२८, आणि ते संपलं की कर्नल तीच २४ नंबरची एरर देतो. हे मात्र खरंच युजरप्रमाणे मोजलं जातं, प्रोसेसप्रमाणे नाही. एकाच मशीनवर खूप कंटेनर चालवणाऱ्यांना हे हमखास भेटतं. उपाय म्हणजे सिससीटीएलने (कर्नलचे आकडे बघायची-बदलायची कमांड, सिस्टमसीटीएल वेगळी) तो आकडा ५१२ किंवा १०२४ करा आणि /ईटीसी/सिससीटीएल.डी/ मधल्या फाइलमध्ये लिहून ठेवा म्हणजे रीबूटनंतर टिकेल. याचाच भाऊ मॅक्स_यूजर_वॉचेस, तो संपला की एरर येते ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, आणि माणूस उगाच डिस्क साफ करत बसतो.

मॅक आणि बीएसडी

मॅकवर टर्मिनलचं सॉफ्ट लिमिट डिफॉल्ट २५६ असतं, मोठं फ्रंटएंड प्रोजेक्ट बिल्ड करताना ते सहज संपतं. झेडएसएचआरसीमध्ये यूलिमिट -एन ४०९६ टाकलं की डेव्हलपमेंटपुरतं काम होतं. लाँचसीटीएल लिमिट मॅक्सफाइल्स ही कमांड लाँचडीकडचे आकडे दाखवते, आणि कर्नलचे कर्न.मॅक्सफाइल्स आणि कर्न.मॅक्सफाइल्सपरप्रॉक सिससीटीएलने दिसतात. /प्रॉक तिथे नाही, त्यामुळे एलएसओएफ -पी आणि पीआयडी, आणि यादीतल्या एफडी कॉलममध्ये ज्यांच्यापुढे नंबर आहे तेवढ्याच ओळी मोजायच्या, सीडब्ल्यूडी आणि टीएक्सटी सोडून.

फ्रीबीएसडीवर कर्नलचे आकडे त्याच नावाचे आहेत, पण युजरचं लिमिट /ईटीसी/लॉगिन.कॉन्फमध्ये क्लासप्रमाणे असतं. तिथे ओपनफाइल्स बदला, मग कॅप_एमकेडीबी /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ चालवा, नाहीतर बदल लागत नाही, आणि मग परत लॉगिन. ओपनबीएसडीमध्ये त्याच फाइलमध्ये ओपनफाइल्स-कर (सी-यू-आर) म्हणजे सॉफ्ट आणि ओपनफाइल्स-मॅक्स म्हणजे हार्ड. कुठल्या प्रोसेसने काय उघडलंय ते बघायला फ्रीबीएसडीवर प्रॉकस्टॅट -एफ आणि पीआयडी, दोन्हीकडे एफस्टॅट.